बेबी ऑफ प्रिती

“नाव ठेवून टाक गं बाई हिला. मोठ्याने नको, नुसतं कानात सांगितलंस तरी चालतं. बिननावाचं पोर कुणाच्याही हाकेला ओ देतं,” असं कमळाबाई मला म्हणाल्या होत्या. कमळाबाई म्हणजे परळच्या प्रसूतिगृहातल्या मावशी. बाळांना आंघोळ घालणं, दुपट्यात घट्ट गुंडाळणं आणि आम्हा नव्या आयांना न विचारता सल्ले देणं ही त्यांची कामं. मी हसले होते. एमएस्सी झालेली बाई हसते तसं, समोरच्याला कळू न देता. शिवाय आमच्याकडे नाव ठेवायचं ते आत्याने, पाळण्याशी वाकून, कुर्र करून, आणि आत्या बारशाला नाशिकहून यायची होती. नाव आम्ही आधीच ठरवलं होतं, ओवी, पण बारशाआधी ते उच्चारायचं नाही असा प्रफुल्लच्या घरचा नेम. तोवर ती घरच्यांसाठी नुसती बाळ होती आणि मनगटाला बांधलेल्या पट्टीवर ‘बेबी ऑफ प्रिती’. प्रिती म्हणजे मी. आपल्याच नावाने दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली जाते आहे, असं तेव्हा प्रत्येक वेळी वाटायचं. डॉक्टर यायचे, बेबी ऑफ प्रिती दूध पिते का, विचारायचे, आणि मला उगाच आपण उत्तराच्या मध्ये उभ्या आहोत असं व्हायचं.

हे सगळं वर आलं ते लॅपटॉपमुळे. दुपारची वेळ होती. ओवी, आता तीन वर्षांची, पंख्याखाली झोपली होती आणि सासरे, ज्यांना सगळं लालबाग आबा म्हणतं, गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी सीडी घातली, खण आत ढकलला. आत काहीतरी गरगरलं, थांबलं, टक टक वाजलं, पुन्हा गरगरलं, आणि पडद्यावर आलं : कृपया डिस्क घाला. डिस्क आत होती. मीच घातली होती, बोटांवर अजून तिच्या कडेचा गार स्पर्श होता. खण उघडला. ती तिथेच होती, वर काळ्या मार्करने लिहिलेलं ते नाव. पुन्हा आत. गरगर. टक टक. कृपया डिस्क घाला. एखाद्या दाराशी जाऊन विचारावं, अमुक आहे का घरात, आणि अमुक आतून दिसत असताना दार उघडणाऱ्याने सांगावं, नाही बाई, असं कुणी इथे राहतच नाही, तसं. माझ्या मानेवरून काहीतरी सरकलं. यंत्रं बिघडतात, मला कळतं. पण ते आतल्या आत तीनदा शोधून मग नाही म्हणत होतं, ते मला आवडलं नाही.

ती सीडी लागत होती कारण मागच्या आठवड्यात ओवीला ताप चढला आणि तापात झटका आला. डोळे वर गेले, अंग लाकडासारखं, ओठांच्या कडेला निळं. मी ओवी ओवी म्हणून हाका मारत होते आणि ती माझ्याकडे बघत होती, पण माझ्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघावं तशी. मिनिटभरात सरलंही. दादरच्या आमच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, तापाचा झटका आहे, पुष्कळ मुलांना येतो, घाबरू नका. मग फाइल चाळता चाळता थांबल्या. “जन्मल्यावर एमआरआय का केला होता हिचा?” उशिरा रडली म्हणून, मी सांगितलं. वजन कमी, दोन किलोच्या आतच, म्हणून काळजीपोटी केला, नॉर्मल आला, हा काय रिपोर्ट. “रिपोर्ट दिसतोय हो. पण चित्रं मी स्वतः बघते नेहमी. सीडी असेल ना? नुसती सीडी आणू नका मात्र, आमच्या कॉम्प्युटरला तो खणच नाही आता. पेन ड्राइव्हवर घेऊन या.” त्या इतक्या सहज बोलल्या की मी घरी येईपर्यंत पुरती घाबरले होते. दुसऱ्याचा सहजपणा मला नेहमी झाकण वाटतो.

तो खण आता कुणाकडेच नाही. आमची चाळ पाडून त्या जागी हा टॉवर झाला, माणसं तीच वर चढली, पण वस्तू बऱ्याच खालीच राहिल्या. शेजारच्या कालिंदीकाकू म्हणाल्या, “सीडी? आहेत की, हव्या तेवढ्या,” आणि खिडकीकडे बोट दाखवलं. कबुतरं येऊ नयेत म्हणून त्यांनी सीड्या दोऱ्याला बांधून लटकवल्या होत्या. समोरच्या इमारतीतही तशाच. वारा आला की त्या फिरतात आणि उजेडाचे गोल ठिपके भिंतीवरून, कपाटावरून, झोपलेल्या ओवीच्या कपाळावरून सरकत जातात. मी काकूंना विचारलं, यात काय आहे? “कुणास ठाऊक. कुणाचं तरी लग्न असेल. कबुतराला काय कळतंय.” शेवटी प्रफुल्लचा जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला, जाडजूड, उजव्या कुशीला खण असलेला. सगळं चालू होतं त्याचं. फक्त डिस्क दिसत नव्हती.

मी प्रफुल्लला ऑफिसात फोन केला. “दुसरी टाकून बघ,” तो म्हणाला. टाकली. आमच्या लग्नाची. गरगर, टक टक, कृपया डिस्क घाला. “म्हणजे सीडी बरोबर आहे, ड्राइव्ह गंडलाय. आता डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा. तिथे पिवळं चिन्ह आहे का?” नव्हतं. तिथे लिहिलं होतं, हे उपकरण व्यवस्थित काम करत आहे. मी ते त्याला वाचून दाखवलं. “बघ, त्याच्या मते ते ठणठणीत आहे,” प्रफुल्ल हसला, “आमच्या मॅनेजरसारखं. ड्रायव्हर उडव आणि रिस्टार्ट मार, आपोआप परत येईल.” उडवला. परत आला. व्यवस्थित काम करत आहे. “प्रिती, ऐक, इतकं काही नाहीये गं त्यात. रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग? मी रविवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन बाहेरून लावायचा ड्राइव्ह आणतो.” रविवार फार लांब होता. मी सीडी पुसली, मऊ फडक्याने, मधून कडेकडे, गोल गोल नाही. उजेडात धरली. खाली एकही ओरखडा नव्हता. माझा अर्धा चेहरा त्यात दिसला, मध्ये भोक असलेला.

किती वेळा तो खण आत-बाहेर केला, देव जाणे. गरगरण्याचा आवाज दर वेळी वर चढायचा, ताणला जायचा, आणि तुटायचा. रडायला सुरुवात करून दम न पुरणाऱ्या तान्ह्यासारखा. मला हे कळलं ते ओवीमुळे. ती केव्हा उठली कळलंच नाही. माझ्या कोपराशी उभी राहून ऐकत होती. मग तिने लॅपटॉपच्या त्या कुशीला कान लावला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड जवळ नेऊन म्हणाली, “कुर्र्र.” गेल्याच महिन्यात माझ्या भाच्याच्या बारशाला आम्ही गेलो होतो, तिथलं तिच्या डोक्यात बसलं असणार. असणारच. पण कुर्र झाल्यावर नाव सांगायचं असतं, आणि ती नुसती थांबून राहिली, ओठ तिथेच ठेवून, समोरूनच नाव सांगितलं जाणार आहे अशी. मी तिला खसकन मागे ओढलं. ती रडली. गॅलरीतून आबांनी विचारलं, “काय गो, काय झाला त्येका?” मी म्हटलं, काही नाही, मशीन डिस्क वाचत नाहीये. आबांचे कान गिरणीत गेलेले, सगळं दोनदा सांगावं लागतं. दुसऱ्यांदा सांगताना मी मोबाइलचा टॉर्च लावून खणात बघत होते, आणि मला तो दिसला.

खणाच्या मधोमध, चकतीच्या बाजूला, भिंग असतं. मसुराएवढं. ते लाल होतं. नुसतं लालसर नाही, लाल, वाळलेलं, आणि त्याभोवती एक पिवळी कड. खणाच्या सांदीत दोन तांदळाचे दाणे. मी किती तरी वेळ तो तांबडा डोळा बघत राहिले आणि तोही. “आबा, याला कुंकू कुणी लावलं?” आबा उठून आले, वाकून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचं हसू आलं. “मियाच. दसऱ्याक. तू नव्हतंस, माहेराक गेल्लंस.” कुठल्या दसऱ्याला, ते त्यांना आठवेना. “प्रफुल्ल्याची मशीन, पूजा नको? ह्यो बटण दाबलंय, तर आपणच हात भायर काढल्यान. म्हटला, प्रसाद मागता.” पण आत कशाला आबा, वरून लावायचं ना. आबांनी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. “वरसून पत्र्याक कुंकू लावून काय उपेग? मशीनीक आतसून लावूचा लागता. जा फिरता तेका. मागाक आमी तसाच लावी.” त्यांनी आयुष्यभर माग चालवला, दर दसऱ्याला त्याच्या फिरत्या दांड्याला हळदकुंकू लावलं, आणि माग त्यामुळे कधी बंद पडला नाही. “वाईट झाला काय?” त्यांनी विचारलं. नाही आबा, मी म्हटलं, निघेल ते.

कापसाचा बोळा काडीला गुंडाळला, स्पिरिट घेतलं, आणि हलकेच, डोळ्यात गेलेलं काढावं तसं ते पुसलं. कापूस गुलाबी झाला, मग लाल. दुसरी काडी. तिसरी. खालून निळसर काच उघडी पडली. वाळू दिलं. सीडी ठेवली, खण ढकलला. या वेळी आवाज चढला आणि चढलेलाच राहिला, टक टक नाही, एकसारखी घुमणारी शांत घरघर. पडद्यावर एक काळी चौकट उघडली. मी ओवीला मांडीवर घेतलं, का कोण जाणे. एकटीने बघायचं नव्हतं मला.

आधी करडे ढग. बोटाने खाली सरकवत गेलं की ढग उमलतात, आकार घेतात, अक्रोडासारख्या वळ्या, मध्ये काळी फुलपाखरं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग दुसरी रांग आली, बाजूने घेतलेली, आणि सरकवता सरकवता अंधारातून एक नाक वर आलं. मग कपाळ, मिटलेले ओठ, हनुवटी. बाळाचा चेहरा, बाजूने, पाण्याखालून वर यावा तसा आला, क्षणभर थांबला आणि पुढच्या चित्रात बुडाला. मी मागे सरकवलं. परत आला. मी ओवीकडे बघितलं नाही. मला बघायची गरज नव्हती. पाच दिवस आणि पाच रात्री मी त्या चेहऱ्याशिवाय काहीही बघितलं नव्हतं, ते नाक मला झोपेतही काढता येईल, आणि हे ते नव्हतं. मुलांचे चेहरे बदलतात, मी स्वतःला म्हटलं. यंत्रात वेगळे दिसतात. मग कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. बेबी ऑफ प्रिती. स्त्री. तारीख तीच. वेळ सकाळची. ओवी त्या सकाळी झोपतच नव्हती, झोपल्याशिवाय त्या बोगद्यात घालत नाहीत, म्हणून आम्हाला दुपारनंतर घेतलं होतं. वजन तीन किलोच्या वर. रिपोर्टाचा कागद काढला. त्यावरचा नंबर वेगळा. मांडीवरची ओवी पडद्याकडे बघून म्हणाली, “बाळ.” हो, मी म्हटलं. “कुणाचं?”

प्रितीचं. तीही प्रिती होती. हे मी विसरले होते असं म्हणता येणार नाही, ते माझ्यातच कुठे तरी मिटून पडलं होतं. परळच्या त्या गल्लीतल्या तळघरातल्या एमआरआय सेंटरमध्ये आम्ही शेजारीशेजारी बसलो होतो, तिच्या मुलीचं सकाळीच झालेलं, माझी अजून झोपायची होती. बेबी ऑफ प्रिती, अशी हाक आली की दोघी उठायचो. पहिल्यांदा हसलो. “तुम्ही पण? अगं बाई. आता भांडायचं की काय आपण?” ती म्हणाली होती. सावळी, खळखळून बोलणारी, हिरवा स्कार्फ कानाला घट्ट. माहेर वरळीला बीडीडी चाळीत, सासर खेडच्या बाजूला. तिची मुलगीही परळलाच जन्मलेली, उशिरा रडलेली. सासऱ्यांचं बरं नव्हतं, म्हणून बारसं गावालाच करायचं, उद्याच निघायचं. “इतक्या लवकर प्रवास?” मी विचारलं. “माझं कोण ऐकतंय, ताई.” मध्येच तिचं बाळ रडलं आणि माझा पान्हा फुटला. तिचा नाही, माझा. गाऊन भिजला. ती बघून म्हणाली, “बघा, यांना कळतच नाही कोण कुणाचं,” आणि आम्ही दोघी पुन्हा हसलो. मला ते हसणं आता ऐकू येतं तेव्हा त्यात माझा आवाज कुठला ते लागत नाही.

ओवीला आत नेऊन आणलं, त्यानंतर काउंटरवरचा माणूस ओरडला, “बेबी ऑफ प्रिती. नॉर्मल आहे बरं का, काळजीचं काही नाही. सीडी घेऊन जा, कागद उद्या.” दोघी उभ्या होतो. तिने डोळे मिटले, हात जोडले, स्कार्फच्या टोकाने डोळे पुसले. मीही काहीतरी तसंच केलं असणार. काउंटरवर दोन पाकिटं होती, दोन्हींवर एकच नाव. तिने एक उचललं, मी एक. “चला ताई, सुटलो,” म्हणाली, आणि जिना चढून गेली. दुसऱ्या दिवशी मी कागद घ्यायला गेले तेव्हा त्या माणसाने विचारलं, “प्रिती दोन आहेत. तुमची दोन किलोच्या आतली ना?” हो म्हटलं. त्याने माझा कागद काढून दिला. दुसरा पेपरवेटखाली राहिला. त्या गावाला गेल्या, मी सांगितलं. “येतील की,” तो म्हणाला.

डॉक्टर बाईंनी पेन ड्राइव्ह लावला आणि चित्रं एकेक करून सरकवत गेल्या. मग ओवीचा कागद पुन्हा वाचला, तिच्या डोक्याला टेप लावून मोजलं, तिला एका रेषेवरून चालायला लावलं. “हिचं सगळं छान आहे. हा कागद हिचाच आहे, नंबर जुळतोय. चित्रं हिची नाहीत.” मी म्हटलं, मला माहीत आहे. त्यांनी चष्मा काढला. “या मुलीच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या थोड्या मोठ्या आहेत. कदाचित आपोआप ठीक होतं. कदाचित पाणी साठत जातं, हळूहळू, दाब वाढतो. वेळेत कळलं तर बारीक ऑपरेशन असतं, पोर शाळेत जातं, सगळं करतं. पण लक्ष ठेवावं लागतं, दर महिन्याला डोकं मोजावं लागतं. तिच्या आईला कुणी सांगितलं असेलच ना?” मी त्यांच्या टेबलावरच्या टेपकडे बघत होते. त्याच वेळी माझ्या छातीत काहीतरी सैल होत होतं, गरम, सुखाचं, ओवी छान आहे, ओवी छान आहे, आणि त्या सुखाची चव मला ओळखीची वाटली. तो ‘नॉर्मल’ शब्द ऐकल्यावर तिने डोळे मिटले तेव्हा तिच्या तोंडात हीच चव असणार. माझीच, तिला चुकून दिलेली.

आता त्या तळघरात मोबाइलची कव्हरं विकतात. सेंटरवाले कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही. प्रसूतिगृहात म्हणाले, आडनाव सांगा, नुसत्या प्रितीवर कसं शोधायचं? मी वरळीला गेले. बीडीडीच्या अर्ध्या इमारती पाडल्या आहेत, पत्र्यांमागे क्रेन उभ्या, माणसं कुठे कुठे भाड्याने पांगलेली. उरलेल्या एका इमारतीच्या लांबलचक ओट्यावर शांताबाई नावाच्या आजी तांदूळ निवडत होत्या. “प्रिती? मजल्यामागे दोन प्रिती होत्या गं. दिसायला कशी?” सावळी, बोलकी, सासर खेडकडे. “बोलकी कोण नाही इथे,” त्या म्हणाल्या, आणि एक खडा बाजूला टाकून, “का गं, काय केलंन तिने?” काही नाही आजी, मी म्हटलं. प्रफुल्ल म्हणतो, तू जमेल तेवढं केलंस, आता सोड. रात्रंदिवस तो चेहरा उघडून बसतेस, हे बरं नाही. खरं आहे. दुपारी ओवी झोपली की मी लॅपटॉप उघडते. तो आता एका दमात वाचतो. ते नाक वर येतं, मिटलेले ओठ वर येतात. ती कशी दिसत असेल आता, ते मी त्यावरून काढायचा प्रयत्न करते, आणि दर वेळी पुढच्या चित्रात ती बुडते. मग मला ओवीला उठवावंसं वाटतं, आणि मी उठवतेही.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुमच्यापैकी कुणी खेड, चिपळूण, दापोलीकडचे असाल, किंवा वरळीहून हललेलं कुणी तुमच्या शेजारी राहायला आलं असेल, आणि त्यांच्यात तीनेक वर्षांची मुलगी असेल, परळला जन्मलेली, आईचं नाव प्रिती. सहज गेल्यासारखे जा. घाबरवू नका तिला. मुलीला सकाळी उठल्यावर उलट्या होतात का, डोकं धरून बसते का, टोपी लवकर घट्ट होते का, ते बोलता बोलता काढा. ती म्हणेल, छे हो, जन्मल्यावरच सगळं तपासलंय, नॉर्मल आहे, आणि कदाचित पाकीट काढून तुम्हाला सीडीही दाखवेल. तिच्याशी वाद घालू नका. चहा चालेल म्हणा, आणि चहा होईपर्यंत मुलीला हाक मारा, दारापर्यंत जाऊन यायला सांगा. चालताना नीट बघा तिच्याकडे.